जनावरांच्या गाठी आणि ताण : समज आणि वस्तुस्थिती

(खानापूर तालुक्यातील एका गावी भरलेल्या पशुपालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जनावरांवर उपचार करताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. बैलाच्या शिंगाला, खांद्याला किंवा गाईच्या सडाला गाठ दिसली की मालक म्हणतो, "डॉक्टर, यंदा जनावराला लई वढ बसली. त्या ताणानंच आली न्हवं ही गाठ?" हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण त्याचे उत्तर चुकले तर जनावर हातचे जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून आज याच विषयावर बोलायचे ठरवले आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माणदेशातील एक शेतकरी आपला खिलार बैल घेऊन आले. बैल सात-आठ वर्षांचा, पांढराशुभ्र, उंचापुरा. त्या हंगामात त्याने उसाच्या गाडीला काम केले होते. हंगाम संपता संपता त्याचे डावे शिंग थोडे कलल्यासारखे दिसू लागले. बैल मान झटकायचा, शिंग खुंट्यावर घासायचा. मालकाला वाटले, ओझ्याचा ताण पडला आहे, विश्रांती मिळाली की बरे वाटेल. त्यांनी बैल दोन महिने दावणीला बांधून ठेवला, पेंड वाढवली, शिंगाच्या बुडाला तेल-हळद चोळली. त्यांच्या परीने त्यांनी कसूर केली नाही. माझ्याकडे आले तेव्हा शिंग हाताने हलत होते, डाव्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पू येत होता आणि शिंगाच्या आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे मांस वाढले होते. तो शिंगाचा कर्करोग होता. रोग कपाळाच्या पोकळीत खोलवर गेला होता. शस्त्रक्रिया केली, पण बैल वाचला नाही.

त्या शेतकऱ्याचे चुकले ते एवढेच, की "ताणाने झाले" असे म्हटल्यावर त्यांना कारण सापडल्यासारखे वाटले आणि तपासणी राहून गेली. या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मी शेवटी सांगेन.

ताण म्हणजे काय?

ताण हा शब्द तुम्हाला नवा नाही. आटपाडीकडचा डाळिंब बागायतदार बहार धरण्यासाठी बागेचे पाणी तोडतो, त्याला आपण बागेला ताण देणे म्हणतो. जमिनीचा मगदूर आणि झाडाचे वय पाहून बेताचा ताण दिला तर झाड फुलावर येते. तोच ताण लांबला तर काडी वाळते, झाड अशक्त होते आणि मग रोग-किडीला बळी पडते.

जनावराच्या शरीरातही असेच घडते. उन्हाचा तडाखा, जड ओझे, लांबचा प्रवास, उपासमार, दाटीवाटी, भीती, मार, वेदना या सगळ्यांना ताण म्हणतात. ताण आला की मूत्रपिंडाच्या वर असलेल्या एका लहान ग्रंथीतून काही रस रक्तात मिसळतात. त्यांच्यामुळे काळजाचे ठोके वाढतात, साठवलेली साखर रक्तात येते आणि जनावर धावायला किंवा झुंजायला तयार होते. हा ताण तासाभराचा असेल तर त्यात अपाय नाही, उलट तो जगण्यासाठी लागतो. पण दिवसेंदिवस आणि महिनोन्महिने तो टिकला तर त्याच रसांमुळे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. जखम भरायला वेळ लागतो, अंगात दबून राहिलेले विषाणू डोके वर काढतात.

आता गाठ कशी होते ते पाहू. शरीर लाखो-करोडो पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात आणि त्यांची वाढ ठरावीक मर्यादेत राहते. एखाद्या पेशीच्या मूळ रचनेत बिघाड झाला आणि ती मर्यादा सोडून वाढू लागली की गाठ तयार होते. गाठ एका जागी राहून सावकाश वाढली तर ती साधी. आजूबाजूच्या मांसात, हाडात घुसू लागली आणि रक्तावाटे दुसरीकडे पसरली तर तो कर्करोग. पेशीत हा बिघाड करणारी कारणे ठरावीक असतात : काही विषाणू, कडक ऊन, काही रसायने, एकाच जागी वर्षानुवर्षे होणारे घर्षण आणि वाढते वय.

शेताच्या भाषेत सांगायचे तर ही कारणे म्हणजे चोर आणि शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे राखणदार. ताण राखणदाराला थकवतो. पण राखणदार थकला म्हणून आपोआप चोरी होत नाही, त्याला चोर यावा लागतो. हे लक्षात ठेवले तर पुढचे सर्व समजायला सोपे जाईल.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

जनावराच्या अंगावर दिसणारा प्रत्येक उंचवटा म्हणजे कर्करोग नव्हे. मार लागून रक्त साकळते, काटा मोडून गळू होते, बेंबीजवळ आतडे उतरते, यकृतातील कृमींमुळे जबड्याखाली पाणी साठते. या सर्वांना आपण गाठच म्हणतो. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पीची मोठी साथ आली तेव्हा गाई-बैलांच्या अंगभर गाठी उठल्या. त्या देवीच्या जातीच्या विषाणूमुळे उठल्या होत्या. त्यांचा कर्करोगाशी संबंध नव्हता. तेव्हाही अनेकांनी जनावरे घाबरून विकली, हे आपणास आठवत असेल. म्हणून गाठ दिसल्यावर घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. ती कोणत्या जातीची आहे हे आधी ठरवून घ्यावे.

खांदेसूज : ओझ्याच्या ताणाची खरी गाठ

ओझ्याच्या ताणाने सरळ होणारी गाठ कोणती, असे विचाराल तर ती खांदेसूज. जू खांद्यावर जिथे टेकते तिथे कातडी आणि स्नायू दबतात, घासतात आणि सूज येते. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते, पण दुर्लक्ष केल्यास ती दगडासारखी घट्ट होते किंवा पिकते आणि बैल हंगामभर निकामी होतो.

तिची कारणे आपल्याच हातात असतात. जू खडबडीत असणे, त्याची लाकडाची गोलाई खांद्याला न बसणे, जोडीतील एक बैल उंच आणि एक ठेंगणा असणे, कोवळ्या खोंडाला एकदम जड कामाला जुंपणे, गाडीत पुढच्या बाजूला जास्त ओझे भरणे, पावसात भिजलेल्या खांद्यावर जू ठेवणे. कृष्णाकाठच्या कारखान्यांना बैलगाडीने ऊस नेणाऱ्या जोड्यांत हा विकार विशेष दिसतो, कारण टायरच्या गाडीत ओझे भरपूर बसते, आणि उतारावर ते सगळे बैलांच्या मानेवर येते.

नुकतीच सूज आली असेल तर बैलाला लगेच जुवाखालून काढावे. पहिला दिवस-दीड दिवस थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. त्यानंतर कोमट मीठ-पाण्याने शेकावे आणि पशुवैद्यकाने दिलेले मलम हलक्या हाताने लावावे. सूज पूर्ण उतरून कातडी पूर्ववत होईपर्यंत बैल जुंपू नये. पिकलेली गाठ घरी फोडू नये. घट्ट झालेली गाठ शस्त्रक्रियेने काढावी लागते. डाग देण्याची जुनी पद्धत मात्र पूर्णपणे सोडून द्यावी. त्याने मूळची गाठ जात नाही, भाजल्याची नवी जखम तेवढी पदरात पडते.

कामाच्या वेळेबाबत १९६५ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, विश्रांती न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये, आणि तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते अशा भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत काम घेऊ नये, असे त्यात सांगितले आहे. आपले वाडवडील कायदा न वाचताही दुपारी औत सोडत होते.

शिंगाचा कर्करोग

आता आजच्या मुख्य विषयाकडे येऊ. शिंगाचा कर्करोग हा विशेषकरून आपल्या देशातील जनावरांचा रोग आहे. परदेशात तो विरळा दिसतो. लांब शिंगांच्या देशी जातींत, त्यातही खच्ची केलेल्या बैलांत तो जास्त आढळतो. साधारण पाच ते दहा वर्षे वयाच्या, म्हणजे ऐन कामाच्या बैलाला तो गाठतो. गाई आणि वळू यांत तो कमी, आणि म्हशी-रेड्यांत फार क्वचित दिसतो. बहुतेक वेळा तो एकाच शिंगाला होतो. शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो, तो पोकळ असून त्याची पोकळी कपाळाच्या पोकळीला जोडलेली असते. रोगाची सुरुवात या आतल्या अस्तरात होते. त्यामुळे बाहेरून दिसेपर्यंत तो पुष्कळ वाढलेला असतो.

बैलालाच तो जास्त होतो म्हटल्यावर कोणीही म्हणेल, बैल राबतो, गाय राबत नाही, म्हणजे कामाचा ताणच कारण! पण जरा थांबून विचार करा. रेडाही औताला आणि गाडीला राबतो, चिखलात बैलापेक्षा जास्त ओढतो. नुसत्या कामाने हा रोग होत असता तर रेड्यांतही तो तितकाच दिसला असता. तसे होत नाही. तेव्हा बैलात दुसरे काही वेगळे आहे का, हे पाहिले पाहिजे. बैल खच्ची केलेला असतो, त्यामुळे शरीरातील अंतःस्रावी रसांचे प्रमाण बदलते. त्याच्या शिंगाच्या बुडाला दोरी आवळली जाते. तिथे जू, दोर आणि जोडीच्या बैलाच्या शिंगाचा मार बसतो. त्याची शिंगे साळली जातात, रंगवली जातात. पांढऱ्या जनावराला उन्हाचाही त्रास जास्त होतो. या सर्व गोष्टींवर पशुवैद्यकांचा संशय आहे. कोणतेही एकच कारण पक्के ठरलेले नाही, अनेक कारणे मिळून हा रोग होत असावा असे मानले जाते.

यातील शिंगे साळण्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या भागात फार चालते. खरसुंडीच्या सिद्धनाथाची चैत्रातील आणि पौषातील यात्रा असो, की पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो, बाजारात बैल नेण्यापूर्वी शिंगे तासून गुळगुळीत आणि टोकदार करतात. बेंदराला पुन्हा तासतात, त्यावर ऑइलपेंट, वार्निस, हिंगूळ लावतात. दरवर्षी अशी तासणी झाली की शिंगाचे वरचे कवच पातळ होते आणि आतल्या जिवंत भागाला उष्णता, मार व रसायने यांचा त्रास होऊ लागतो. शिंग हे नखासारखे दिसले तरी त्याच्या आत रक्त वाहते, हे विसरू नये. हौस करावी, पण तासणी टाळावी. रंग लावायचाच तर गेरूसारखा साधा, पाण्यात कालवलेला लावावा. शिंगाच्या बुडाला दोरी कायमची आवळून ठेवू नये.

शर्यतीच्या बैलांबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. २०१४ मध्ये बंद झालेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य ठरवला. तेव्हापासून खिलार खोंडांना पुन्हा चांगली किंमत आली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु टेम्पोतून रात्रभर प्रवास, गर्दी, गोंगाट आणि पाठोपाठच्या शर्यती हा जनावराला मोठा ताण आहे. दोन शर्यतींमध्ये पुरेसे दिवस मोकळे ठेवावेत.

शिंगाच्या कर्करोगाची लक्षणे

पुढील लक्षणे नीट ध्यानात ठेवा :

१) बैल वारंवार डोके झटकतो, एकच शिंग खांबाला किंवा झाडाला घासतो.
२) डोके एका बाजूला कलते ठेवतो.
३) शिंगाचे बूड हाताला गरम लागते, दाबले किंवा ठोकले तर बैल दुखरे अंग काढून घेतो. दोन्ही शिंगांवर बोटाने टिचकी मारल्यास रोगट शिंगाचा आवाज भरीव, बद्द येतो.
४) त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताचा किंवा रक्तमिश्रित पुवाचा स्राव येतो.
५) शिंग बुडाशी मऊ होते, एका बाजूला झुकते, हलते. शेवटी निखळून पडते, आतून मांसल वाढ बाहेर येते, दुर्गंधी सुटते आणि अळ्या पडतात.

पहिल्या तीन लक्षणांवर बैल दवाखान्यात पोचला तर उपचाराला वाव असतो. चौथ्या-पाचव्या लक्षणापर्यंत थांबलात तर तो फार कमी राहतो.

उपचार

खात्री करण्यासाठी मांसाचा लहान तुकडा काढून तपासावा लागतो. उपचारात शिंगाच्या मुळाशी भूल देऊन शिंग बुडापासून काढतात, सगळा रोगट भाग खरवडून घेतात आणि कातडीची झडप पुढे ओढून तोंड शिवून टाकतात. त्याच्या जोडीला व्हिन्क्रिस्टिन नावाचे औषध शिरेतून, ठरावीक दिवसांच्या अंतराने देतात. हे औषध जहाल असते, शिरेच्या बाहेर सांडले तर तिथले मांस सडते. त्यामुळे ते पशुवैद्यकाच्या हातूनच घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर जखमेवर माशी बसू देऊ नये, बैल कोरड्या आणि सावलीच्या जागी बांधावा, आणि जखम भरली तरी काही महिने अधूनमधून दाखवत राहावे, कारण हा रोग उलटण्याची भीती असते.

आपल्याजवळ शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे. गावच्या दवाखान्यात न होणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी तेथे जाता येते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक फिरवावा.

मग ताणाने गाठ होतच नाही का?

होते, पण कोठे आणि कशी ते पाहू. यासाठी कोंबडीचे उदाहरण सर्वांत चांगले आहे.

मरेक्स हा कोंबड्यांचा रोग तुमच्यापैकी पोल्ट्रीवाल्यांना माहीत आहे. हंगेरीतील जोसेफ मरेक या पशुवैद्यकाने १९०७ साली त्याचे वर्णन केले. तो विषाणूमुळे होतो. पक्ष्याचा एक पाय पुढे आणि एक मागे असा लुळा पडतो, डोळ्याची बुबुळे राखी होतात, आणि यकृत, प्लीहा यांत कर्करोगाच्या गाठी होतात. १९७२ साली अमेरिकेतील ग्रॉस या संशोधकाने प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या कोंबड्यांना सतत अनोळखी पक्ष्यांत मिसळून भांडणाचा ताण दिला गेला, त्यांच्यात मरेक्सचे प्रमाण स्वस्थ कळपातील कोंबड्यांपेक्षा जास्त निघाले. येथे चोर म्हणजे विषाणू आणि ताणाने राखणदार थकला, हे स्पष्ट दिसते.

पण याच उदाहरणात दुसरा धडाही आहे. १९७० च्या सुमारास मरेक्सची लस निघाली आणि त्या रोगाचे नुकसान एकदम खाली आले. शेडमधील ताण त्या दिवशी नाहीसा झाला नव्हता. चोराचाच बंदोबस्त झाला होता. म्हणून पिल्ले घेताना उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी मरेक्सची लस दिली आहे याची खात्री करून घ्यावी. प्रतिकारशक्ती यायला आठवडाभर लागतो, त्या काळात पिल्लांना मोठ्या पक्ष्यांपासून वेगळे ठेवावे. दाटी, अमोनियाचा वास, खाद्यात एकदम बदल आणि एकाच वेळी चोच कापणे व वाहतूक करणे टाळावे.

वासरांच्या चामखिळीचेही तसेच आहे. त्या विषाणूमुळे होतात आणि लहान, अशक्त वासरांत जास्त दिसतात. २०१२-१३ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत चारा छावण्या उघडल्या तेव्हा हजारो जनावरे महिनोन्महिने जवळजवळ बांधलेली होती. उपासमार, ऊन आणि दाटी एकत्र आली की असे विषाणूचे त्वचारोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे सहज जातात. बहुतेक चामखिळी काही महिन्यांत आपोआप गळून पडतात. चांगला चारा, क्षारमिश्रण आणि जंतांचे औषध यांनी जनावर सावरते. सडावरच्या चामखिळी मात्र दोऱ्याने आवळून तोडू नयेत, दाखवून घ्याव्यात.

माणसाचे काय?

आता त्या माणदेशी शेतकऱ्याच्या गोष्टीचा राहिलेला भाग सांगतो. बैलाची तपासणी चालू असताना त्यांच्या मालकीणबाई बाजूला उभ्या होत्या. मी म्हणालो, "काका, गाठ दिसली की ताण-ताण करत बसू नका, लगेच दाखवा." त्यावर त्या बाई हळूच पुढे आल्या आणि म्हणाल्या, "डाक्टर, माझ्याबी छातीत येक गाठ लागतीया. पोरीच्या लग्नाची काळजी हुती, त्या ताणानं आली आसंल म्हणून कुणाला बोलले न्हाई." ती गाठ चार महिने त्यांनी अंगावर काढली होती. मी जनावरांचा डॉक्टर. मी एवढेच म्हणालो, "मावशी, उद्याच्या उद्या सरकारी दवाखान्यात जा." त्या गेल्या. तपासणीत गाठ साधी निघाली. परंतु ती साधी आहे हे तपासल्यावरच कळले, आणि ते चार महिने त्यांनी कसे काढले असतील याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

काळजीने माणसाला कर्करोग होतो का, यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ शोध घेतला आहे. २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात युरोपातील एक लाख सोळा हजार स्त्री-पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कामाचा ताण जास्त असलेल्या लोकांत कर्करोगाचे प्रमाण जास्त आहे असे त्यात आढळले नाही. उंदरांवरील प्रयोगांत मात्र असे दिसले आहे, की आधीच असलेली गाठ ताणाच्या रसांमुळे जास्त वेगाने वाढू शकते. म्हणजे नुसत्या काळजीने गाठ निर्माण होते असा पुरावा नाही. पण आजारी माणसाला किंवा जनावराला शांतता, झोप आणि पोटभर अन्न मिळावे, हे केव्हाही हिताचेच.

ताण माणसाला घातक ठरतो तो बहुधा आडवाटेने. कर्जाची, पावसाची काळजी लागली की तंबाखूचा बार वाढतो, दारूची बाटली जवळ येते, घरातील बाई मिश्री जास्त वेळा लावते, झोप उडते. तंबाखू आणि दारू ही कर्करोगाची पक्की ठरलेली कारणे आहेत. चोर ते आहेत. आणि "एवढं कामाचं दिवस उरकूं दे, मग दाखवू" असे म्हणत दवाखाना लांबणीवर पडतो.

म्हणून घरात कोणाला गाठ झाली तर "तू मनाला लावून घेतेस, म्हणून झाले" असे कृपा करून म्हणू नका. ते खरे नाही, आणि आजारी माणसाच्या डोक्यावर अपराधाचे आणखी एक ओझे ठेवणारे आहे.

वेळेवर तपासणी केल्याने काय साधते याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी चालू झाली. पुढे उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला कारण असणाऱ्या विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. या स्त्रिया आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या होत्या. त्यांच्या आयुष्यातला ताण कोणी काढून घेतला नव्हता, रोग तेवढा लवकर सापडला होता. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून केली जाते. कर्करोगाचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात. त्याचा लाभ घ्यावा.

घरी जाऊन काय करावे?

बंधू-भगिनींनो, बेंदराच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाची खांदेमळणी करतो. कोमट पाण्याने खांदे धुतो, तूप-हळद लावून हाताने चोळतो. ज्यांनी ही रीत घालून दिली ते फार शहाणे असले पाहिजेत, कारण त्या निमित्ताने मालकाचा हात वर्षातून एकदा तरी बैलाच्या खांद्यावरून आणि शिंगाच्या बुडावरून फिरतो. माझे एवढेच सांगणे आहे, की ही खांदेमळणी वर्षातून एकदा न करता आठवड्यातून एकदा करा. तूप-हळद नसली तरी चालेल, हात फिरला पाहिजे.

थोडक्यात पुढील गोष्टी कराव्यात :

१) दर आठवड्याला बैलाचे खांदे, दोन्ही शिंगांची बुडे, डोळ्यांच्या कडा, आणि गाईचे सड हाताने चाचपून पाहावेत. दोन्ही बाजूंत फरक वाटला तर तो टिपून ठेवावा.
२) जू गुळगुळीत करून घ्यावे, जोडी सारख्या उंचीची असावी, ओल्या खांद्यावर जू ठेवू नये.
३) शिंगे साळू नयेत, त्यांना रासायनिक रंग लावू नये, बुडाला दोरी आवळू नये.
४) सूज किंवा गाठ पंधरा दिवसांत उतरली नाही, अथवा वाढत गेली, तर तपासून घ्यावी. एकाच नाकपुडीतून रक्त आले तर एक दिवसही थांबू नये.
५) डाग देणे, गाठ घरी फोडणे, अघोरी औषधे लावणे बंद करावे.
६) जनावराला सावली, पाणी आणि दुपारची विश्रांती द्यावी. त्याने सर्व गाठी टळतील असे नाही, पण जनावराची रोगाशी लढण्याची ताकद टिकेल.
७) हेच नियम घरातल्या माणसांनाही लागू करावेत, विशेषतः जी माणसे स्वतःचे दुखणे बोलून दाखवत नाहीत त्यांना.

ताण कमी करणे हे चांगलेच काम आहे, ते अवश्य करावे. परंतु गाठीला ताणाचे नाव देऊन वाट पाहत बसू नये. त्या खिलार बैलाच्या मालकाने पुढे दुसरा खोंड घेतला. परवा बाजारात भेटले तेव्हा त्यांनी मला मुद्दाम खोंडाजवळ नेले, त्याच्या शिंगाच्या बुडाला हात लावून दाखवला आणि म्हणाले, "डाक्टर, दर सोमवारी बघतो." तुम्हीही तसेच करा, एवढीच विनंती करून माझे भाषण संपवतो.